खेकड्याखालची डबी

क्योतो, १५ नोव्हेंबर १९९३

चि. मुनेओ यास अनेक आशीर्वाद.

टेकडीकडचे मेपल लाल झाले आहेत आणि सकाळी पेन धरताना बोटं आखडतात. ही ओळ मी मुद्दाम लिहितोय, कारण तुझ्या मागच्या पत्रात ऋतूची ओळच नव्हती. थेट ‘दाजी, सोल्डरची तार संपली’ अशी सुरुवात. माणूस पत्र लिहितो की वाण्याची यादी? तुझ्या ताईलासुद्धा मी तेच म्हणालो. ती म्हणाली, त्याला तार हवी असेल. तुम्हा भावाबहिणीत हा गुण सारखाच आहे.

आता मुद्द्याचं. तिसऱ्या मजल्यावर एक कागद फिरायला लागलाय. म्हणणं असं, की आपल्या तात्सुमिया कंपनीने पुढच्या वर्षापासून एकच यंत्र करावं. टीव्हीला जोडायची पेटी चालू ठेवावी आणि हातात धरून खेळायची डबी बंद करावी. तुझा कुरायोशीचा डबी विभाग मिटवून एकोणीसच्या एकोणीस माणसांना क्योतोला आणावं आणि माझ्या पेटी विभागात सामावून घ्यावं. कागद कोणी लिहिला, मला माहीत नाही. पण सारासार विचार करता त्यात तथ्य आहे.

मंजुरीसाठी बारा शिक्के लागतील. बारावा चौकोन मोठ्या बाईंचा, खुद्द मालकिणीचा. तोकिएबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. मोठे मालक मणी मोजायचे आबाकस बनवत होते तेव्हापासून त्या शिक्के मारताहेत आणि चाळीस वर्षांत त्यांनी एक कागद परत पाठवल्याचं कोणाला आठवत नाही. म्हणजे कागद त्यांच्यापर्यंत पोचला की काम झालंच म्हणून समज.

वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्यासाठी मी खिडकीजवळचं टेबल बघून ठेवलंय.

तुझा,
काटागिरी हिरोफुमी


कुरायोशी, २२ नोव्हेंबर

ती. दाजींना नमस्कार.

ऋतू: थंडी. झालं समाधान?

कागदाची नक्कल मलाही मिळाली. दोन पानांत ‘सारासार विचार करता’ हे शब्द सात वेळा आलेत. मी मोजले. ताईला मागणी घालायला आलात तेव्हा बाबांपुढे बसून तुम्ही तेच म्हणाला होतात, सारासार विचार करता शिझुए मला योग्य वाटते. ताईने ते अजून पोटात ठेवलंय. तेव्हा कागद कोणी लिहिला ते तुम्हाला माहीत नाही, हे वाक्य तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी ऐकवा.

राग आलाय मला. खूप आलाय. आणि खिडकीजवळ कोणाला बसवतात ते मी जाणून आहे, दाजी. ज्याला काम द्यायचं नाही पण घरीही पाठवायचं नाही, त्याला. तो दिवसभर बाहेरची कबुतरं बघतो.

आम्हाला इथे नासपतीच्या जुन्या गोदामात आणून टाकलंत, आम्ही चकार शब्द काढला नाही. अजून पावसाळी हवेत भिंतींना फळांचा वास सुटतो. किनुएबाई साठीच्या आहेत, भिंग लावून सोल्डरचा एकेक टाका घालतात. गेली चार वर्षं त्यांनी घातलेला एकही टाका सुटून परत आलेला नाही. त्यांना मी काय सांगू? की क्योतोला चला, माझे दाजी तुम्हाला पेटीच्या वायरी गुंडाळायला देतील?

असो. अकरा साहेबांशी भांडून काही होणार नाही, एवढं मलाही कळतं. एकच विनंती आहे. तेरा डिसेंबरला वर्षअखेरच्या भेटी घेऊन तुम्ही मोठ्या बाईंच्या घरी जालच. यंदा आमच्याकडून एक मात्सुबा खेकडा पाठवतो, बंदरावरून आलेला, ताजा. तो तुम्हीच न्या, तुमच्याच नावाने द्या. आम्हाला बंद करण्याआधी म्हातारीने निदान पोटभर जेवावं, एवढीच इच्छा. खोका वाटेत उघडू नका, बर्फ जाईल. आणि आडवा तर मुळीच करू नका.

आईला सांगा, पायाला गरम पिशवी लावत जा.

तुमचा,
असानुमा मुनेओ


क्योतो, १५ डिसेंबर

चि. मुनेओ यास आशीर्वाद.

पहाटे छपरांवर हिमाचा पातळ थर दिसतो आणि बाजारात सलगमांचे ढीग लागले आहेत. (बघ, किती सोपं असतं.)

कागदाबद्दल तू जे लिहिलंस त्यावर मी काही बोलत नाही.

खेकडा पोचवला. तू मोठ्या मनाने माझ्या नावावर दिलास, त्याबद्दल आभार मानतो. इतका समंजसपणा तुझ्याकडून अपेक्षित नव्हता. पण थर्माकोलचा खोका इतका जड का होता? बसमध्ये मांडीवर धरून बसलो, कारण तू आडवा करू नका म्हणाला होतास. तिसऱ्या थांब्यापासून तो गळायला लागला. माझी राखाडी पँट, जी मी भेटीगाठींसाठी राखून ठेवलीय, ती गुडघ्यापर्यंत भिजली. बस गच्च भरलेली होती, तरी माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या.

बाई खाली शेगडी आणि वर रजई असलेल्या बुटक्या टेबलाखाली पाय घालून बसल्या होत्या. खेकडा म्हटल्यावर चेहरा उजळला. उन्हाळ्यात मी त्यांना आपली पेटी भेट दिली होती ना, ती टीव्हीखाली मानाने ठेवलीय. वर भरतकामाचा रुमाल, रुमालावर काचेच्या कपाटातली बाहुली. एवढा मान मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिला नाही. सूनबाई टीव्हीवर मालिका बघत होत्या, म्हणून पेटीचा विषय काढता आला नाही. मी शिष्टाचार म्हणून अख्खा भाग बसून पाहिला. कोणीतरी कोणाचीतरी खरी आई निघाली.

मालिकेवरून आठवलं. आपल्याकडे सासूबाईंनी, म्हणजे तुझ्या आईने, तलवारीच्या मालिकांचा सपाटा लावलाय. नऊ वर्षं मी पेटी विभागाचा प्रमुख आहे आणि स्वतःच्या घरात मला ती एक तासही लावता आलेली नाही. बोलायची सोय नाही. शिझुए म्हणते, तिचा मुलगा तिला तुमच्या भरवशावर सोडून डोंगरात गेलाय, बघू दे तिला.

अकरा शिक्के झाले. तुला तिकडे डोंगरात कल्पना नसेल, पण इथे शिक्का सरळ मारणं उद्धटपणा समजतात. प्रत्येकाचा शिक्का वरच्या साहेबाच्या चौकोनाकडे झुकलेला हवा, वाकून नमस्कार केल्यासारखा. मी कोनमापक लावून आधी वर्तमानपत्रावर सराव केला. उपमहाव्यवस्थापकांनी तर इतका झुकवलाय, की तो पार आडवा झालाय. सोमवारी कागद बाईंकडे जाईल.

मन घट्ट कर.

तुझा,
हिरोफुमी


(पोस्टकार्ड)
कुरायोशी, १८ डिसेंबर

दाजी, बाई खेकडा खाता खाता खोक्याच्या तळापर्यंत पोचल्या का? तळाचंच महत्त्वाचं होतं. जमल्यास सूनबाईंकडून काढून घ्या. ऋतू: बर्फ, कमरेपर्यंत.
मुनेओ


क्योतो, २४ डिसेंबर

मुनेओ,

घात झालाय.

कागद आज बाईंकडून परत आला. बारावा शिक्का आहे, लाल, ठळक, चौकोनाच्या बरोब्बर मध्यभागी. आणि उलटा आहे. डोकं खाली, पाय वर.

तुला याचा अर्थ माहीत आहे ना? मी नोकरीला लागलो तेव्हा हिशेबखात्यातल्या एका म्हाताऱ्याने सांगितला होता. ज्याला कागद पटत नाही पण आडवंही यायचं नाही, तो शिक्का उलटा मारतो. म्हणजे ‘तुमचं चालू द्या, पण मला हे मान्य नाही, लक्षात ठेवा’. बारक्या बाबूंचे असे शिक्के मी पाहिलेत. पण खुद्द मालकिणीचा!

दुपारी तिसऱ्या मजल्यावर सगळे जमले. कागद मधोमध ठेवला होता आणि त्याच्याकडे बघायची कोणाची हिंमत नव्हती. चहा गार झाला. मी म्हणालो, बाईंना एकदा विचारून बघावं का? त्यावर बाकीच्या दहाही जणांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिथे खोकल्याचं सोंग केलं. खरंच आहे म्हणा. चौऱ्याऐंशी वर्षांच्या मालकिणीला ‘तुम्ही शिक्का नीट मारलात ना’ असं कोण विचारणार?

मग हळूहळू एकेकाला कंठ फुटला. विक्रीवाले म्हणाले, त्यांना पहिल्यापासून शंका होती. कारखान्याचे साहेब म्हणाले, नीट बघा, माझा शिक्का इतरांपेक्षा कमी झुकलाय, ती माझी नाराजीच होती. उपमहाव्यवस्थापक म्हणाले, हा कागद मुळात लिहिला कोणी? मी पुन्हा खोकलो.

शेवटी ठरलं असं. जुना कागद मागे घ्यायचा. नवा लिहायचा, की कंपनीने पेटी आणि डबी दोन्ही सांभाळाव्यात. आणि तो कोणी लिहायचा, तर काटागिरींनी, कारण त्यांची भाषा चांगली आहे. आत्ता तोच लिहितोय. सारासार विचार करता हे शब्द आत्तापर्यंत चार वेळा आलेत आणि चारही वेळा मी ते खोडून पुन्हा लिहिलेत.

तू जिंकलास. कसा, ते मला कळत नाही. आणि ते तळापर्यंत म्हणजे काय?

हिरोफुमी


कुरायोशी, ६ जानेवारी १९९४

ती. दाजींना नवीन वर्षाचे नमस्कार.

गोदामाच्या छपरावर बर्फाचा जाड थर बसलाय, पण आत स्टोव्हवर तांदळाचे मोची फुगताहेत आणि भिंतींना नासपतीचा वास येतोय. ही ऋतूची ओळ मी मनापासून लिहिलीय. तुमच्या मागच्या पत्रात ती नव्हती, त्यावरूनच कळलं, तुमची काय अवस्था झाली असेल.

तुमचं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. किनुएबाईंनी भिंग काढून डोळे पुसले. आम्ही साके गरम करून प्यालो आणि तुमच्या नावाने जयजयकार केला, हेही सांगून टाकतो. तीन दिवस मी हवेत होतो.

काल बाईंच्या घरून एक पुडकं आलं. आत सलगमाचं लोणचं आणि एक चिठ्ठी. पत्ता डबीच्या पाठीवरून उतरवलेला, तो दुरुस्तीसाठी आपण छापतो ना, तोच. चिठ्ठी सोबत जोडतोय. आधी ती वाचा आणि मग मला हव्या तेवढ्या शिव्या द्या.

‘डबी दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांस. काटागिरीच्या खेकड्याखाली तुमची डबी निघाली. तो लाजाळू आहे, तोंडाने काही बोलला नाही. खेकडा छान होता, डबी त्याहून छान आहे. तिच्यातल्या खेळातला कोल्हा नवव्या मजल्यापर्यंत चढवला आणि सेल गेले. चार सेल पाठवा. दुसरं म्हणजे, हा कोल्हा कोणासाठी थांबत नाही, ही मोठी अडचण आहे. मागे ऑफिसातून कसलासा कागद आला, तेव्हा आठव्या मजल्यावर घुबडं अंगावर येत होती. डबी सोडता येईना, म्हणून न बघता डाव्या हाताने शिक्का मारून दिला. काही महत्त्वाचं नसावं. तोकिए.’

आता कळलं, खोका जड का होता? बर्फाखाली दोन पिशव्यांत गुंडाळून डबी ठेवली होती. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नेली नसतीत. बंद करण्याआधी त्यांनी निदान एकदा ती हातात धरावी, एवढाच माझा डाव होता. उलट्या शिक्क्याचा विचार माझ्या स्वप्नातही नव्हता.

तेव्हा खरी गोष्ट अशी, की बाई नाराज नव्हत्या. त्यांनी कागद पाहिलाच नाही. पाहिला असता तर नेहमीसारखा सरळ शिक्का पडला असता आणि आम्ही संपलो असतो. ही चिठ्ठी मी चुलीत घालू शकत होतो. सगळे न पाहिल्यासारखं करणार होते, किनुएबाईंनी तर काडेपेटीही पुढे केली. पण मग आयुष्यभर मला तुमच्या डोळ्याला डोळा देता आला नसता, आणि सणावाराला तर यावंच लागतं.

चिठ्ठी तुमच्या हातात आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा. एकोणीस माणसं आहेत, एवढंच लक्षात असू द्या.

तुमचा,
मुनेओ


क्योतो, २४ जानेवारी

चि. मुनेओ यास आशीर्वाद.

देवळातल्या प्लमच्या झाडावर एक कळी फुटलीय. एकच, पण मी मुद्दाम जाऊन बघून आलो.

तुझं पत्र चार दिवस कोटाच्या खिशात घेऊन हिंडलो. खोटं कशाला बोलू? मनात पहिला विचार आला तो चांगला नव्हता. तिसऱ्या मजल्यावर ही चिठ्ठी नुसती टेबलावर ठेवली असती, तरी त्याच दुपारी बाकीच्या दहाही जणांना पुन्हा आपापले जुने विचार आठवले असते. शिझुएने कोट झटकताना चिठ्ठी वाचली. संध्याकाळी माझ्या मिसो सूपमध्ये तोफू नव्हता.

रविवारी दोन्ही कागद आणि चार सेल घेऊन बाईंकडे गेलो. सूनबाई टीव्हीवर सुमोच्या कुस्त्या बघत होत्या. डबी ट्रेमध्ये चष्म्याशेजारी निपचित पडली होती. मी सेल घातले. झालं, बाई लगेच खेळायला बसल्या आणि मी अर्धा तास गुडघ्यांवर तसाच. शेवटी धीर करून म्हणालो, ‘बाई, खाली डावीकडे एक बारीक बटण आहे. ते दाबलं की कोल्हा थांबतो. परत दाबलं की चालू.’

त्यांनी दाबलं. कोल्हा एक पाय वर करून तसाच उभा राहिला. बाईंनी डबी नाकाजवळ नेऊन त्याला न्याहाळलं. म्हणाल्या, ‘हे मला इतके दिवस कोणी सांगितलं का नाही?’ ते बटण मोठं कर, मुनेओ. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते दिसत नाही.

मग मी सगळं सांगितलं. जुना कागद दाखवला, उलटा शिक्का दाखवला, कंपनीत काय रामायण झालं ते सांगितलं. शिक्का बघून त्या इतक्या हसल्या की सूनबाईंनी कुस्ती सोडून मागे पाहिलं. आणि कागद मीच लिहिला होता, हेही सांगितलं.

‘तू ही डबी बंद करणार होतास?’

‘हो, बाई.’

‘का रे?’

मी म्हणालो, पेटी मोठी आहे, चित्र मोठं दिसतं, घरातले सगळे मिळून खेळू शकतात. बाईंनी हनुवटीने टीव्हीकडे खूण केली. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, ‘तो टीव्ही सुनेचा आहे, काटागिरी. ही माझी आहे.’

आमच्या घरचा टीव्ही तुझ्या आईचा आहे. नऊ वर्षं मी पेटी बनवतोय आणि ती लावायला जागा कुणाच्याच घरात मोकळी नाही, हे मला त्या बाहुलीच्या कपाटाकडे बघून कळलं. पेटीवर बाहुली ठेवली होती, तिला मी मान समजलो होतो.

बाईंनी मधल्या वेळात कोल्हा पुन्हा चालू केला होता. मी नवा कागद पुढे सरकवला आणि वाट बघत बसलो. तर त्यांनी काय केलं? बटण दाबून कोल्हा थांबवला. डबी रजईवर ठेवली. चष्मा घातला आणि दोन्ही कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मग फडक्याने शिक्का पुसला, कागद दोन्ही हातांनी सरळ करून घेतला आणि पेटी व डबी दोन्ही ठेवण्याच्या कागदावर शिक्का मारला. सरळ. बाईंनी वाचून शिक्का मारलेला मी पहिल्यांदा पाहिला. खरं सांगतो, मला भरून आलं. जुन्या कागदाची त्यांनी घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

तेव्हा किनुएबाईंना सांग, टाके घालत राहा. तुझं खिडकीजवळचं टेबल मी फुलदाणीला दिलंय.

आता घरचं. बाईंचं बोलणं डोक्यात घेऊन आलो आणि म्हटलं, हाच उपाय आपल्याकडे करावा. सासूबाईंच्या हातात डबी द्यावी, म्हणजे टीव्ही मोकळा होईल आणि मी पेटी लावीन. दिली. पौर्णिमेच्या चंद्रासारखं तोंड करून घेतली त्यांनी. आज आठवा दिवस. दिवसभर डबी खेळतात आणि समोर तलवारीची मालिका चालूच. मी टीव्हीला हात लावायला गेलो की मान वर न करता म्हणतात, ‘असू द्या जावईबापू, मी ऐकतेय.’

एक डबी पाठव. नवी लागेल, कारण त्यांना दिलेली ती माझी होती. दोन वर्षांपासून न्हाणीघरात, साबणाच्या खोक्यामागे असायची. ते बारीक बटण मला कसं ठाऊक, असं बाईंनी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. माझा कोल्हा अकराव्या मजल्यावर होता. तुझ्या आईने खेळ पहिल्यापासून सुरू केला.

तुझा,
हिरोफुमी